साहेबांच्या महागड्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या विकणारा पोरगा पुढे सर जमशेटजी झाला

१९६० च्या दशकात तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. बोईसर स्टेशनला उतरून किनाऱ्याकडे जाणाऱ्यांत तेव्हा अमेरिकन इंजिनिअरही असायचे. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता, त्यामुळे परदेशी माणसालाही घोटभर वाइनसाठी सरकारी परवाना लागायचा. वर आयात बाटलीवरचा कर होताच. तो कर आजही बाहेरून आलेल्यांना चकित करतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात वाइनवर ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी उपकर असा हिशोब बसला, म्हणजे बंदरावरच बाटलीची किंमत अडीचपट. राज्याचे कर त्यानंतर.

पण परदेशात राहायचं आणि आपल्या गावची वाइन प्यायची तर खिसा रिकामा करावा लागतो, ही तक्रार या किनाऱ्यावर दोनशे वर्षं जुनी आहे. आणि एका माणसाच्या आयुष्याची सुरुवात या महागाईतूनच झाली. जे. जे. हॉस्पिटलवाले जमशेटजी जीजीभाई.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणं मूळचं नवसारीचं, वडील विणकर. नवसारी ते मुंबई या पट्ट्यात संजाण, डहाणू, तारापूर अशी पारशी वस्तीची गावं लागतात. या वाटेने कितीतरी पारशी कुटुंबं नशीब काढायला मुंबईला गेली. जमशेटजींचं नशीब मात्र सुरुवातीलाच फिरलं. १७९९ मध्ये आई आणि वडील दोघेही गेले. सोळा वर्षांचा पोरका मुलगा मुंबईत मामाच्या आसऱ्याला आला. मामाचं नाव फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला, आणि धंदा आडनावातच होता. रिकाम्या बाटल्यांची खरेदी-विक्री.

आता प्रश्न पडेल, रिकाम्या बाटल्या विकून कुणाचं घर चालतं का? तेव्हा चालायचं, आणि नीट चालायचं.

मुंबईच्या किल्ल्यातल्या इंग्रजांना लागणारी मदिरा आणि क्लॅरेट जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून यायची. प्रवास चार ते सहा महिन्यांचा. वाटेत पिंपं फुटायची, दारू आंबायची, जहाजच बुडायचं. व्यापाराची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीची. मात्र जहाजाच्या कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना स्वतःचा थोडा माल आणायची मुभा होती. ते वाइन, बिअर, चीज, हॅम असा माल भरून आणायचे आणि मुंबईत चढ्या भावाने विकायचे. गिऱ्हाईक अडलेलं, मग भाव कोण करणार? कंपनीचे नवखे कारकून पगारात भागत नाही म्हणून देशी सावकारांकडून कर्ज काढायचे, आणि त्या कर्जात जेवणाच्या टेबलाचा वाटा मोठा असायचा. मदिरेची एक गंमत अशी की उष्ण समुद्रातल्या प्रवासाने ती बिघडण्याऐवजी सुधारायची, त्यामुळे भारतात जाऊन आलेल्या मदिरेला लंडनमध्येही मान होता.

वाइन बरेचदा पिंपातून यायची. मदिरेच्या एका पिंपात चारशे लिटरहून जास्त माल, म्हणजे पाचशेच्या वर बाटल्या भरायच्या. पण इथे काचेच्या बाटल्यांचे कारखाने नव्हते. बाटली यायची तीही विलायतेहून, भरलेली. म्हणून साहेबाच्या घरातून निघालेली प्रत्येक रिकामी बाटली परत कामाची होती. कुणाला पिंपातली वाइन भरायला, कुणाला गुलाबपाण्याला, कुणाला तेलाला. पालघर-डहाणूकडे ताडी झाडावरून थेट मडक्यात उतरत होती, तिला बाटलीची गरज नव्हती. विलायती दारूला मात्र बाटलीशिवाय गत नव्हती.

या दुकानात जमशेटजी हिशोब शिकले. लोक त्यांनाही बाटलीवालाच म्हणू लागले. १८०३ मध्ये फ्रामजींच्या मुलीशी, आवाबाईंशी लग्न झालं.

पण बाटल्यांवर ते थांबणारे नव्हते. १७९९ पासूनच त्यांनी चीनच्या सफरी सुरू केल्या होत्या, एकूण पाच. चौथ्या सफरीत, १८०५ मध्ये, त्यांचं ब्रन्सविक नावाचं जहाज फ्रेंचांनी पकडलं. माल गेला, आणि जमशेटजींना थेट आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेऊन सोडलं. तिथून कलकत्त्यामार्गे ते कसेबसे घरी पोचले. या जहाजावरचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन. हाच जार्डिन पुढे डॉक्टरकी सोडून जार्डिन मॅथेसन या बड्या कंपनीचा मालक झाला, आणि जमशेटजी तिचे मुंबईतले सगळ्यात मोठे भागीदार.

माल कोणता? कापूस होता, पण खरा पैसा अफूचा. माळव्याची अफू मुंबईतून नेण्यावर कंपनीची आडकाठी होती, तेव्हा ती पालघरच्या डोक्यावरच्या पोर्तुगीज दमणमधून निघायची. या वाटेवर गोव्याचे रोजेरिओ द फारिया हे मोठं नाव, आणि जमशेटजींशी त्यांचे व्यवहार. १८३० च्या सुमारास कंपनीने परवाना फी घेऊन मुंबईचा रस्ता मोकळा केला. चीनमध्ये लाखो लोक या व्यसनात बुडाले. १८३९ मध्ये चिनी सरकारने २० हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या आणि त्यावरून युद्ध पेटलं. जमशेटजींच्या चरित्रात हे पान बरेचदा भरभर उलटलं जातं. ते योग्य नाही, कारण पुढचं सगळं दान याच पैशातून उभं आहे.

आणि दान अफाट होतं. १८२२ मध्ये त्यांनी कर्जापायी तुरुंगात पडलेल्या गरिबांची देणी फेडून त्यांना सोडवलं. माहीमच्या खाडीत बुडणाऱ्या होड्या पाहून आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला, टोल न घेण्याच्या अटीवर. त्याच वर्षी जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं. पुण्याच्या बंधाऱ्याला पैसे दिले, १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं.

विलायती चैनीची हौस त्यांनाही होती. १८३४ च्या सुमारास अमेरिकेतून जहाजाने बर्फ मुंबईत येऊ लागला, तेव्हा त्यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. पाहुण्यांना आणि यजमानांनाही सर्दी झाली, आणि मुंबई समाचारने ही परदेशी खाण्याची शिक्षा असल्याचं छापलं म्हणतात.

सगळ्यांचं असं जमलं नाही. त्याच काळात तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी मेहरजी या भावांची पेढी हैदराबादेत निजामाच्या दरबाराला कर्ज देत होती. त्यांच्या पेस्तनशाही रुपयाची नाणी औरंगाबादला पडत. पण दरबाराने तारण दिलेले जिल्हे काढून घेतले, इंग्रजांनी हात वर केले, पेढी बुडाली.

जमशेटजी १८४२ मध्ये सर झाले, तो मान मिळालेले पहिले भारतीय. १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, तेही पहिलेच. १४ एप्रिल १८५९ ला ते गेले. पुढच्या वर्षी कायदाच झाला, की या किताबाच्या प्रत्येक वारसाने आपलं नाव सोडून सर जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं. थोरला मुलगा खरशेदजी यांच्यापासून ही पद्धत सुरू झाली.