कोळशाच्या खाणीतून इतिहासाकडे : डॉ. कार्टर वुडसन

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सत्प्रवृत्त लोकांना अर्पण केला, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९ डिसेंबर १८७५ रोजी, अशाच दास्यमुक्त झालेल्या एका कुटुंबात, व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन या गावी एक मुलगा जन्मास आला. कार्टर गॉडविन वुडसन हे त्याचे नाव. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती; परंतु कृष्णवर्णीयांना सांगण्याजोगा भूतकाळच नाही, हा समज मात्र शाळांत आणि ग्रंथांत तसाच ठाण मांडून बसला होता. हातापायांतील बेडी तुटली, पण मनावरची राहिली. ती दुसरी बेडी तोडण्यासाठी या मुलाने पुढे आपले सारे आयुष्य वेचले. त्याची कथा विद्यार्थिमित्रांनी वाचावी, असे आम्हांस वाटते.

वडील जेम्स आणि आई अ‍ॅन एलायझा ही दोघेही गुलाम म्हणून जन्मलेली. यादवी युद्धात जेम्स मालकाच्या तावडीतून निसटले आणि त्यांनी उत्तरेकडील सैन्यास साहाय्य केले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मात्र कोणापुढेही लाचारी पत्करू नये, हा धडा त्यांनी मुलांना घरीच दिला. गावची शाळा वर्षातून चारपाच महिनेच चाले, आणि तीही शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा. तेथे त्याचे दोन मामाच शिक्षक होते. संध्याकाळी वडिलांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे हे लहानग्या कार्टरचे काम असे. इतरांसाठी वाचण्याचे हे व्रत त्याच्या हाती असे बालपणीच आले.

पुढे पोटासाठी तो वेस्ट व्हर्जिनियात गेला. प्रथम रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर टाकण्याचे काम केले. मग तो नटलबर्ग येथील कोळशाच्या खाणीत उतरला. ज्या वयात आमचे विद्यार्थी शालान्त परीक्षेच्या चिंतेत असतात, त्या वयात हा मुलगा काळोखात कोळसा फोडीत होता. तेथे त्यास ऑलिव्हर जोन्स नावाचे एक वयस्क खाणकामगार भेटले. ते यादवी युद्धात लढलेले सैनिक. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही आपल्या लोकांविषयी लिहिलेली पुस्तके आणि वर्तमानपत्रे ते पदरमोड करून घेत. दिवसाचे काम आटोपले की कृष्णवर्णीय कामगार त्यांच्या घरी जमत. तेथे मिळणाऱ्या फळफळावळीच्या व खाऊच्या मोबदल्यात कार्टर त्या मंडळींना वाचून दाखवी. वाचन संपले की वृद्ध सैनिक युद्धाच्या आठवणी सांगू लागत. ऐकता ऐकता त्या तरुणाच्या ध्यानात आले, की ही माणसे जे सांगत आहेत ते कोणत्याच पुस्तकात नाही. इतिहासाचे वेड आपणांस त्या खोलीत लागले, ही कृतज्ञता वुडसन यांनी पुढे जन्मभर बाळगली.

१८९५ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी हंटिंग्टन गावच्या डग्लस हायस्कुलात नाव घातले. फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या थोर वक्त्याचे नाव त्या शाळेस दिलेले होते. तेथील शिक्षण त्यांनी दोन वर्षांच्या आतच पुरे केले. काही काळ खाणकामगारांच्या मुलांना शिकवले आणि १९०० साली, ज्या शाळेत विद्यार्थी होते त्याच शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. केंटकीच्या बेरिया कॉलेजातून १९०३ साली त्यांनी पदवी घेतली. गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणारे ते दुर्मिळ विद्यालय होते. पुढच्याच वर्षी केंटकी राज्याने असे एकत्र शिक्षण कायद्याने बंद केले. एक वर्ष उशीर झाला असता, तर त्या दारातून वुडसन यांना माघारी फिरावे लागले असते!

१९०३ साली अध्यापक म्हणून ते फिलिपाइन्स बेटांत गेले. ही बेटे तेव्हा अमेरिकेच्या अमलाखाली होती. तेथील एक अनुभव त्यांच्या शिक्षणविषयक विचाराचा पायाच ठरला. मोठमोठ्या विद्यापीठांतून आलेले अमेरिकन शिक्षक तेथील मुलांना सफरचंदाच्या झाडाचे गाणे शिकवीत आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टी सांगत. मुलांनी सफरचंद कधी पाहिलेले नव्हते आणि वॉशिंग्टनशी त्यांचे काही नाते नव्हते. त्यामुळे शिकवणे फुकट जाई. उलट, अध्यापनशास्त्राचा गंधही नसलेला एक मनुष्य तेथील ‘लोम्बॉय’ झाडाचे गाणे मुलांना शिकवी आणि त्यांच्याच होसे रिझाल या देशभक्ताचे चरित्र सांगे. त्याचा वर्ग मात्र आनंदाने शिके. हे लोम्बॉय म्हणजे दुसरे काही नसून आपले जांभूळ होय! मुलाला त्याच्या ओळखीच्या झाडापासून दूरच्या झाडाकडे न्यावे, उलट दिशेने नव्हे, हे वुडसन यांनी तेथे पाहिले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी शिकागो विद्यापीठाची पदवी संपादन केली. वॉशिंग्टन शहरात शाळामास्तरकी करीत असतानाच हार्वर्ड विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला आणि १९१२ साली ते डॉक्टर झाले. कृष्णवर्णीयांपैकी हा मान तेथे त्यांच्यापूर्वी केवळ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना मिळाला होता. परंतु त्या विद्यामंदिरातही आपल्या लोकांच्या इतिहासाविषयी अनास्थाच त्यांना आढळली. १९१५ साली तर ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ या बोलपटपूर्व काळातील चित्रपटाने कृष्णवर्णीयांचे विकृत चित्र रंगवून कू क्लक्स क्लान या हिंसक संघटनेचा गौरव केला, आणि तो लोकांनी गर्दी करून पाहिला. असत्य पडद्यावर झळकत होते. सत्य मात्र जुन्या दप्तरांत धूळ खात पडले होते.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात वुडसन यांनी काही मित्रांसह शिकागो येथे ‘नीग्रो’ लोकांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. (हा शब्द त्या काळी सर्रास रूढ होता, आज तो मागे पडला आहे.) जानेवारी १९१६ मध्ये संस्थेचे त्रैमासिक निघाले. पहिल्या अंकासाठी पैसा नव्हता, म्हणून वुडसन यांनी स्वतःच्या विमा पॉलिसीवर कर्ज काढले. पुराव्यावाचून विधान करावयाचे नाही, ही त्यांची शिस्त. १८३० सालच्या जनगणनेतील स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची नावे त्यांनी संकलित करून १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे विख्यात कवी झालेले लँगस्टन ह्यूज तेव्हा त्यांच्या कचेरीत नोकरीस होते. सुमारे तीस हजार नावे वर्णानुक्रमाने लावता लावता तो तरुण मेटाकुटीस आला आणि लवकरच नोकरी सोडून गेला. वुडसन मात्र थकले नाहीत. ज्यांना बाजारात किंमत होती पण कागदावर नाव नव्हते, अशा समाजात एकेक नाव शोधून लिहिणे हेच त्यांना न्यायाचे काम वाटत होते.

फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. अब्राहम लिंकन यांचा १२ फेब्रुवारी हा जन्मदिवस आणि फ्रेडरिक डग्लस यांचा १४ फेब्रुवारीस पाळला जाणारा जन्मदिवस, हे दोन्ही ज्या आठवड्यात येतात तो त्यांनी निवडला. १९३३ साली ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण तुच्छ आहोत असे ज्याला शाळेतच पटवले जाते, त्याला दूर लोटण्याची गरज उरत नाही, तो आपण होऊनच मागच्या दाराकडे वळतो, असा त्यातील विचाराचा सारांश सांगता येईल.

वुडसन स्वभावाने करारी, क्वचित हट्टीही. देणगीदारांच्या अटी त्यांना मानवत नसत. तिसाव्या दशकात मोठ्या धनिक संस्थांचे साहाय्य आटले, तेव्हा गरीब शिक्षकांनी आणि सामान्य कुटुंबांनी दिलेल्या लहान लहान वर्गण्यांवर कार्य तगले. १९३७ साली शाळांतील शिक्षक व मुलांसाठी त्यांनी सोप्या भाषेतील एक वेगळे नियतकालिक काढले. ते अविवाहित राहिले. वॉशिंग्टनमधील नवव्या रस्त्यावरील घर हेच त्यांचे बिऱ्हाड, कचेरी आणि पुस्तकांचे कोठार होते. ३ एप्रिल १९५० रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निर्णय १९५४ साली लागला; तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांचा सप्ताह १९७६ साली महिन्याएवढा विस्तारला आणि त्यांचे घर आता राष्ट्रीय स्मारक झाले आहे.

त्या जांभळीच्या गाण्यापाशी आम्हांस आमच्या गोव्याची आठवण होते. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेली वडीलधारी माणसे पोर्तुगालच्या नद्यांची नावे घडाघडा म्हणून दाखवीत. मांडवी आणि जुवारी घराजवळून वाहत होत्या, पण धड्यात वाहत होती ती तेजू! ही उणीव आता भरून निघाली, म्हणून आम्ही समाधान मानतो. परंतु वुडसन यांचा मार्ग येथे संपत नाही. सोळाव्या शतकात याच गोव्याच्या पेठेत आफ्रिकेतून आणलेली माणसे गुलाम म्हणून विकली जात. त्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस सांगता येत नाही. उरला आहे तो आमच्या घरच्या कोकणीतला ‘खाप्री’ हा मूळ पोर्तुगीज ‘काफ्र’वरून आलेला शब्द, आणि सावळ्या वर्णाच्या सोबत्यास चिडवण्यासाठी तो शाळेच्या आवारातही कधी कधी कानी पडतो. तो उच्चारणाऱ्या मुलास त्यामागील माणसे ठाऊक नसतात. ती आम्ही शिक्षकांनी त्यास सांगितलेली नाहीत, हा दोष प्रथम आमचा.

विद्यार्थिमित्रहो, ऑलिव्हर जोन्स यांना वाचता येत नव्हते, तरी काय वाचले जावे हे त्यांना उमगले होते. तुम्हांला तर वाचता येते. येत्या सुट्टीत आपल्या गावातील एखाद्या वृद्धापाशी बसा. ज्याने चिरे काढले, ज्याने दुसऱ्याच्या भाटात नारळ पाडले, अशा कोणापाशीही बसा. तो सांगेल ते नीट लिहून घ्या आणि त्याचे नाव वर स्वच्छ अक्षरांत घाला. ते लिखाण पुढील वार्षिकांकासाठी आमच्याकडे द्यावे. आम्ही त्याची वाट पाहू.