चाळीसगावचा टांगा

लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातील आंबेडकरी जनता बाबासाहेबांच्या स्मृतींना वंदन करण्यासाठी जमते. चाळीसगावच्या १९२९ मधील प्रसंगाची उजळणी मात्र त्या मानाने कमी होते. इतिहासाचे अध्यापक या नात्याने आम्हांस तो अधिक बोलका वाटतो.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपून अर्धशतक होत आले होते. कृष्णवर्णीयांची अवहेलना मात्र चालूच होती. तरीही परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा भीमरावांना विसर पडला. १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू होताच राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढले. माणूस तोच, विद्या वाढलेली. देश तेवढा बदलला होता.

पुढे ते बॅरिस्टर झाले, १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेले, त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून १९२९ मध्ये ते खानदेशात आले. काम आटोपल्यावर धुळे मार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले. स्थानकावर आपली माणसे हार घेऊन उभी होती. महारवाडा दोनेक मैलांवर, वाटेत नदी. टांगे होते, पण अस्पृश्याला बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा महारांनी आणावा. ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा एक जण पुढे बसला. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब दगडांवर आपटले, घोडा टांग्यासह नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला.

सरकारी समितीचे सदस्यत्व व बॅरिस्टरची सनद यांचा टांग्याच्या अड्ड्यावर काहीही उपयोग झाला नाही. राज्यव्यवस्थेतील बदल मुंबईच्या सभागृहापर्यंत आला होता, चाळीसगावच्या टांगेवाल्यापर्यंत पोचला नव्हता. महारवाड्यात मात्र तो पोचला होता. एरवी दोन मैल चालणे त्या माणसांना काय जड होते? परंतु आपला पाहुणा पायी जाणार नाही, हा त्यांचा हट्ट होता. त्या हट्टापायी बाबासाहेबांचा जीव धोक्यात आला, हे खरे. तरी त्यांना दोष द्यायला आमचे मन धजत नाही.

परदेशी माणसाला अस्पृश्यता ऐकून ठाऊक असते, तिचा जाच उमगत नाही, हे जाणून बाबासाहेबांनी पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत बडोद्याबरोबर हा प्रसंगही लिहिला. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागणाऱ्या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत त्यांनी विचारवंत डुबॉईस यांच्याकडे पत्राने मागितली, आणि डुबॉईस यांनी आस्थेने उत्तर दिले. बाबासाहेबांच्या त्या आठवणी त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर अनेक वर्षांनी पुस्तकरूपाने निघाल्या. आज कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थी त्या वाचतात, आणि त्यांत आपल्या चाळीसगावचे नाव त्यांना भेटते.