अळ्यांची चित्रकर्ती मारिया मेरियन

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की लोकांचे लक्ष फळाकडे जाते. त्याच झाडाची पाने कुरतडणारी अळी मात्र बागायतदाराच्या तिरस्काराचा विषय ठरते. अशा उपेक्षित अळ्यांतच मारिया सिबिला मेरियन यांना आपल्या कलेची प्रेरणा सापडली.

त्यांचा जन्म १६४७ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. त्या तीन वर्षांच्या असताना वडील निवर्तले. चित्रकलेचे धडे सावत्र वडिलांनी दिले. तेराव्या वर्षी मारिया यांनी रेशीमकिडे पाळून त्यांचे निरीक्षण आरंभिले. कीटक चिखलातून आपोआप उपजतात, असा समज त्या काळी रूढ होता. त्यांनी अंडी, अळी, कोश आणि पतंग या अवस्था खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात मांडल्या.

१६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, आपली चित्रे विकून उभारलेल्या पैशावर त्या धाकट्या कन्येसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेल्या. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतावे लागले. तरीही १७०५ मध्ये ६० पानभर चित्रांचा ग्रंथ सिद्ध झाला. संत्र्याची फांदी आणि तिच्यावरील पतंगही त्यात आहे.

१७१७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे त्यांचे निधन झाले. पक्षी खाणाऱ्या कोळ्याचे त्यांचे चित्र पुढे काल्पनिक म्हणून हिणवले गेले. मात्र एकोणिसाव्या शतकात हेन्री बेट्स या निसर्गवैज्ञानिकाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात तसाच प्रकार प्रत्यक्ष पाहिला आणि मारिया यांची नजर खरी ठरली.