पवनारचे आचार्य

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला. पदवी त्याने घेतली नाही. परंतु पुढे देश ज्यांस आचार्य म्हणू लागला ते विनोबा हेच. जमनालाल बजाज यांच्या विनंतीवरून गांधीजींनी त्यांस वर्ध्यास पाठविले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते आले आणि वर्धा हीच त्यांची कर्मभूमी झाली.

मातोश्री रुक्मिणीबाई यांस गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते, मराठी पद्यानुवादही कठीण वाटे. मग तूच का लिहीत नाहीस, असे त्यांनी मुलास सुचविले. १९१८ साली त्या निवर्तल्या. गीताई सिद्ध झाली ती १९३०-३१ मध्ये. ती पुरी होताच विनोबांनी आश्रमातील मुलांस शिकवून पाहिली. मूल जेथे अडखळले तेथे उणीव आपल्या शब्दाची मानून तो बदलला. श्रीनागदेवाचार्यांनी केशिराजबासांस संस्कृत रचनेपासून निवारिले ते भोळ्या म्हाताऱ्या ज्ञानास अंतरू नयेत म्हणून, हे स्मृतिस्थळाच्या वाचकांस येथे आठवेलच.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली. नालवाडीस सूत कातून त्यावर निर्वाह करण्याचा प्रयोग केला, आणि कातता कातताच ते शिकवीत. १९४२ नंतरच्या कारावासात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, दक्षिणेच्या चारही भाषांची मुळाक्षरे गिरविली. शिकणे थांबले की शिकविण्याचा अधिकार सरतो, असेच ते वागले.

१९६८ साली त्यांनी शिक्षकांसाठी आचार्यकुल स्थापिले. शिक्षकाने सत्तेपासून अलिप्त व निर्भय राहावे हा त्याचा गाभा. त्याची परीक्षा त्यांनाच द्यावी लागली. डिसेंबर १९७४ पासून त्यांचे वर्षभराचे मौन होते. त्यातच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. महाभारतातील अनुशासनपर्वाचा त्यांनी केलेला निर्देश राज्यकर्त्यांनी आणीबाणीचे समर्थन म्हणून देशभर मिरविला. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला : राज्यकर्त्यांचे ते शासन, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलनही भरविले. परंतु मधले सहा महिने गेलेच होते. हा विलंब त्यांच्या अनेक अनुयायांस बोचला, आणि तो बोचण्याजोगाच होता. आचार्याचा शब्द त्याच्या मुखातून सुटला की कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. तेथे मौनव्रताचेही रक्षण होत नाही.

पवनारला धाम नदीच्या काठी १९५९ साली त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्यामंदिर स्थापिले. तेथे गादी ठेविली नाही, प्रमुख नेमिला नाही. भगिनींनी सर्वसंमतीने निर्णय घ्यावेत अशी घडी बसविली. अखेरच्या आजारात अन्न व औषध वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांनी तेथेच देह ठेविला.