पुण्यतिथी विशेष : १४९ कवट्या मोजल्या, पण प्रोफेसरच्या मनासारखं उत्तर दिलं नाही, डॉ. इरावती कर्वे यांची गोष्ट

केज : दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकतेचा आहे. शाळेत मेंडेल आणि त्याचे वाटाणे शिकवून होतात, उंच झाड, बुटकं झाड फळ्यावर काढून होतं, आणि पोरं घरी येऊन विचारतात की माझं नाक कुणावर गेलं? आजी म्हणते आत्यावर, आई म्हणते मामावर. वाटाण्याचं गणित सोपं आहे, माणसाचं अवघड. हे माणसाचं गणित सोडवण्यासाठी एका मराठी बाईने हातात मोजपट्टी घेऊन आयुष्य घालवलं. त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे. बहुतेकांना त्या ‘युगांत’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. महाभारतावरच्या या पुस्तकाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्यांचा खरा पेशा माणसांचा अभ्यास हा होता. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, तोही ब्रह्मदेशातला. वडील गणेश करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी पोरीला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवलं. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरात त्या लेकीसारख्या वाढल्या. फर्ग्युसनमधून बी.ए., मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. लग्न झालं ते दिनकर कर्वे यांच्याशी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या घरात.

बाईंच्या शिक्षणासाठी महर्षींनी हयात घालवली, पण सून शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा त्यांना ते पटलं नाही. घरोघरी असंच असतं. नवरा मात्र ठाम होता. जीवराज मेहता यांनी पैसे कर्जाऊ दिले. हेच मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

तिथली संस्था मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि ‘सुप्रजनन’ या विषयांची होती. सुप्रजनन म्हणजे चांगल्या वळूपासून चांगली पैदास करतात तसं माणसांचं करायचं, आणि ज्याला आपण हलका समजतो त्याला मूलच होऊ द्यायचं नाही. ऐकायला शास्त्र वाटतं, पण चांगला कोण आणि हलका कोण हे ठरवणार कोण? संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर. गोरा युरोपियन माणूस जन्मानेच बुद्धीने वरचढ आहे, असं त्यांचं पक्कं मत होतं. गोऱ्यांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात, कारण त्यांचा मेंदू एका बाजूला जास्त वाढलेला असतो, आणि बाकीच्या वंशांत तसं नसतं, असा त्यांचा अंदाज. तो सिद्ध करण्याचं काम त्यांनी या विशी-बाविशीतल्या हिंदुस्थानी मुलीला दिलं.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही आफ्रिकेतून, जर्मनांच्या वसाहतीतून आणलेल्या होत्या. डावी बाजू, उजवी बाजू, आकडे वहीत. हिशोब झाला तेव्हा दिसलं की दोन्ही बाजूंत फरक सगळ्यांच्याच कवटीत असतो. गोऱ्याच्या असतो, काळ्याच्याही असतो. वंशाचा त्याच्याशी संबंध लागत नाही. परक्या देशात, डोक्यावर कर्ज, डिग्री ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध आकडे आलेले. दोन-चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर कुणाला कळलं असतं? त्यांनी जे निघालं तेच प्रबंधात लिहिलं. डॉक्टरेट मिळाली, पण फिशर यांनी दर्जा सगळ्यात खालचा दिला.

पुढे १९३३ ला हिटलर आला आणि जबरदस्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. फिशर यांची संस्था त्या कामात सामील झाली. ऑशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर मेंगेले हा याच संस्थेच्या पुढच्या प्रमुखाचा सहकारी. खोट्या मापांवर उभं केलेलं शास्त्र कुठवर गेलं ते यावरून कळतं. तोवर इरावतीबाई मुंबईला एसएनडीटी विद्यापीठात रजिस्ट्रार झाल्या होत्या. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायला लागल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

पुण्यात त्या स्कूटरवरून फिरायच्या, लोक थांबून बघायचे. पण त्यांचं खरं काम गावोगावच्या रस्त्यावर झालं. वेगवेगळ्या जाती-जमातींच्या वस्तीवर जायचं, माणसाला समोर बसवून डोकं, नाक, उंची मोजायची, पुढे रक्तगटही तपासायचे. आजचे अभ्यासक यावर टीका करतात. डोकी मोजून वंश शोधण्याची ही पद्धत त्यांनी बर्लिनहूनच आणली होती आणि ती त्यांनी फार वर्षं सोडली नाही, हे खरं आहे. उंची काही फक्त जनुकांवर ठरत नाही. एकाच पिशवीतलं ज्वारीचं बी काळ्या रानात आणि मुरमाड रानात पेरलं तर ताट सारखं वाढतं का? माणसाच्या उंचीमागे शेकडो जनुकं असतात, आणि वर पोटाला काय मिळालं तेही असतं. रक्तगट तसा नाही. खाणंपिणं कितीही बदललं तरी ए, बी, ओ बदलत नाही, तो आईबापाकडूनच येतो. शाळेत जीभ गोल वळवायला लावून आनुवंशिकता शिकवतात, तेही तितकं सरळ नाही. दिसायला एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला जमत नाही.

याच पद्धतीने त्यांनी जातीलाही हात घातला. मल्होत्रा या सहकाऱ्यासोबत त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजाती तपासल्या. त्या स्वतः चित्पावन, म्हणजे सुरुवात आपल्याच घरापासून. १९६८ ला तो अभ्यास छापून आला. समाजात एकाच पायरीवर मानल्या जाणाऱ्या या पोटजाती शरीराने एकमेकींसारख्या निघाल्या नाहीत. एकाच मूळ कुळाच्या या फांद्या नाहीत, वेगवेगळे गट एका नावाखाली आले, असं इरावतीबाईंचं मत होतं. जातीची पायरी माणसांनी ठरवली, रक्ताने नाही.

पंढरीच्या वारीत त्या पायी चालल्या तेव्हाही हेच डोळ्यांना दिसलं. विठोबाचं नाव एक, वाट एक, पण जेवणाच्या पंगती जातवार वेगळ्या. ते त्यांना फार लागलं आणि त्यांनी लिहून ठेवलं.

आपल्या घरातला विषय त्यांच्या १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या पुस्तकात आहे. उत्तर हिंदुस्थानात मामाची मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी लग्न होत नाही. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क धरतात. महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण या दोन रिवाजांच्या मध्ये बसलेला आहे, हे त्यांनी नात्याच्या शब्दांवरून आणि लग्नाच्या रीतींवरून दाखवलं. यातला विज्ञानाचा भाग प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे. मामे-आते भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकसारखी असतात. थॅलेसेमियासारख्या आजाराचं एक दोषी जनुक अंगात असलं तरी माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. पण तेच जनुक नवरा आणि बायको दोघांत असलं तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मूल होण्याची. नात्यात लग्न केलं की दोघांत ते सापडण्याचा धोका वाढतो. बहुतेकांची मुलं चांगलीच निपजतात, म्हणून कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण थॅलेसेमियाची रक्ततपासणी लग्नाआधी करता येते. पत्रिका बघायला जाताना ती चिठ्ठीही सोबत न्यायला काय हरकत आहे?

इरावतीबाईंच्या थोरल्या कन्या जाई निंबकर मराठी-इंग्रजीच्या लेखिका, धाकट्या गौरी देशपांडे यांची पुस्तकं तर घरोघरी गेली. जाईबाईंचे यजमान बनबिहारी निंबकर यांनी १९६८ ला फलटणला शेती संशोधनाची संस्था काढली. तिथे इरावतीबाईंच्या नातीने, चंदा निंबकर यांनी, मेंढ्यांच्या जनुकांवर काम केलं. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची बुटकी मेंढी आहे. तिच्यात एक जनुक असं आहे की त्याने जुळी कोकरं होण्याचं प्रमाण वाढतं. ते आपल्या दख्खनी मेंढीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. जुळ्यांना पुरेल एवढं दूध यायला मेंढीला चारा मात्र चांगला लागतो. या वाणाचे नर आता मेंढपाळांच्या कळपात सोडले जातात.