डॉ. आनंदीबाई जोशी

चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले, तेव्हा आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. पती गोपाळराव यांचे पत्र एका मासिकात वाचून अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्या अनोळखी मुलीला पत्रे धाडली. १८८३ साली आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरताच त्यांनी तिला आपल्या घरी नेले. आनंदीबाईंना त्या मावशीच झाल्या! फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात प्रमुख रेचल बॉडली यांनी तिला आपुलकीने जवळ केले. परंतु तिच्या खोलीत शेकोटी पेटवावी तर धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा! प्रकृती ढासळत गेली. अभ्यास मात्र थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. पुढे वर्षही पुरते लोटले नाही, तोच पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१! त्यांची रक्षा मावशींकडे धाडण्यात आली. पोकीप्सीच्या स्मशानभूमीत कार्पेंटर घराण्याच्या जागेत ती विसावली आहे.