रेव्हरंड नारायण वामन टिळक : व्यक्तिगत ईश्वरसंबंधाचा शोध आणि त्याची कसोटी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
१. रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
२. ‘देवाशी व्यक्तिगत नाते’ या कल्पनेतील वैचारिक अडचणी ओळखता येतील.
३. टिळकांच्या धर्मविचाराचा मराठी भक्तिपरंपरेशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपले देवाशी थेट नाते आहे, असे अनेक भाविक सांगतात. हे विधान इतके परिचित आहे की त्यात काही प्रश्न दडले आहेत, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. देव हा माणसाशी नाते जोडू शकेल असा व्यक्तिरूप आहे, हे कशावरून मानायचे? नाते केवळ त्या दोघांतच असेल, तर ते खरे की भासमान, याची पारख कोणी करायची? आणि त्या नात्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत घरातील इतरांना मोजावी लागली, तर ते नाते ‘व्यक्तिगत’ कसे म्हणायचे?

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून तुम्ही टिळकांना शालेय पुस्तकांतून ओळखता. परंतु त्यांच्या आयुष्याचा गाभा या तीन प्रश्नांत आहे. त्या दृष्टीने येथे त्यांचे चरित्र पाहू.

कल्याणचे बालपण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे झाले. त्या वेळचे कल्याण आजच्या महानगराहून फार वेगळे होते. मात्र १८५४ साली तेथे रेल्वे पोहोचली होती आणि जुन्या बंदराच्या त्या गावात नव्या काळाची चाहूल लागली होती. पुढे पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून ख्यातनाम झालेल्या आनंदीबाई जोशी यांचेही बालपण याच गावात आणि याच सुमारास गेले. आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या त्या धर्म न बदलण्याचा निर्धार जाहीर करून. टिळकांनी उलट दिशेने निर्णय घेतला. धर्म ही केवळ जन्माने मिळालेली गोष्ट न राहता विचारपूर्वक राखण्याची किंवा सोडण्याची गोष्ट होऊ लागली होती, हे या दोन उदाहरणांतून तुमच्या लक्षात येईल.

टिळकांचे वडील कठोर स्वभावाचे होते. आई जानकीबाई काव्याची आवड असलेल्या, कोमल मनाच्या होत्या. त्यांच्या अकाली मृत्यूनंतर अकरा-बारा वर्षांच्या नारायणाचे घराशी असलेले बंध सैल झाले आणि त्याने नाशिकची वाट धरली. तेथे त्याला संस्कृत विद्येचे आणि काव्याचे शिक्षण मिळाले. टिळकांनी पुढे देवाचे वर्णन करताना मायबापाची प्रतिमा पुनःपुन्हा वापरली. तिचे मूळ या पोरकेपणात शोधण्याचा मोह होतो. पण ईश्वराला माउली म्हणणे ही वारकरी संतांची जुनी रीत आहे, हे विसरू नका. व्यक्तीची उणीव आणि परंपरेची भाषा या दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

व्यक्तिरूप देवाचा शोध

१८८० च्या सुमारास टिळकांचा विवाह जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक. विवाहानंतरही टिळक एका गावी वा एका नोकरीत स्थिरावले नाहीत. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचा अभ्यास केला आणि ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले.

या काळात त्यांच्या मनात एका नव्या धर्माची रूपरेषा तयार होत होती. तिची सूत्रे महत्त्वाची आहेत. विश्वाचा कर्ता व्यक्तिरूप असून त्याचे माणसाशी पित्याचे नाते आहे. सर्व धर्मग्रंथ मानवनिर्मित आहेत. ईश्वरावरील श्रद्धा आणि मानवाविषयीचा बंधुभाव हे धर्माचे सार आहे. मूर्तिपूजा आणि पुनर्जन्म स्वीकारार्ह नाहीत. ख्रिस्ती होण्यापूर्वीच टिळकांनी व्यक्तिरूप ईश्वराचा स्वीकार केला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. अद्वैत मतानुसार उपास्य आणि उपासक हा भेद अखेर उरत नाही. टिळकांना मात्र ज्याच्याशी बोलता येईल आणि ज्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा ठेवता येईल, असा देव हवा होता.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. तरीही बाप्तिस्मा घेण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे ते वाचन, प्रार्थना आणि विचार यांत गुंतले होते. एका क्षणाचा भावावेग म्हणून या धर्मांतराकडे पाहता येत नाही.

१८९५ : दोन उत्तरे

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षी १७ जून रोजी पुण्यात गोपाळ गणेश आगरकर यांचे निधन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तरी त्या शेजारी ठेवून पाहिल्यास एकोणिसाव्या शतकातील वैचारिक मंथन स्पष्ट दिसते. रूढी, जातिभेद आणि शब्दप्रामाण्य यांना दोघांचाही विरोध होता. आगरकरांच्या मते नीतीला देवाच्या आधाराची गरज नव्हती. देवतांची कल्पनाच माणसाच्या अज्ञानातून आणि भयातून उद्भवली, असे ते मानत. प्रार्थना समाजाने १८६७ पासून एकेश्वरी उपासनेचा मध्यममार्ग अनुसरला होता. टिळकांना आगरकरांचा बुद्धिवाद अपुरा वाटला आणि निव्वळ एकेश्वरवादही. त्यांना ख्रिस्ताच्या रूपाने गुरू, सखा आणि बंधू हवा होता.

आगरकरांच्या भूमिकेतून विचारता येईल की, हा अनुभव मनाने निर्माण केलेला नाही, हे कसे सिद्ध करणार? टिळकांच्या लेखनात याचे तार्किक उत्तर सापडणार नाही. त्यांचे उत्तर आचरणाचे होते. ज्या नात्यामुळे माणूस इतर माणसांच्या अधिक जवळ जातो, ते खरे. ही त्यांची कसोटी होती. परंतु त्यांची पहिली परीक्षा त्यांच्याच घरात झाली.

लक्ष्मीबाईंचा प्रश्न

पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान मुलगा पदरी, समाजाची भीती आणि पतीविषयीचे प्रेम अशा कोंडीत त्या सापडल्या. काही काळ त्या पंढरपूरला बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट होती. टिळकांनी देवाशी जोडलेल्या नात्याची किंमत अशा रीतीने लक्ष्मीबाईंनी मोजली; तो निर्णय घेताना त्यांची संमती घेतलेली नव्हती. टिळकांविषयीच्या आदरापोटी ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

पुनर्मीलनानंतरही लक्ष्मीबाईंनी प्रारंभी आपले सोवळे सोडले नाही. त्यांचे मतपरिवर्तन पतीच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतंत्र विचाराने झाले. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे त्यांना प्रथम पटले. आणि त्या विचाराच्या शेवटी १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीची वाट ही आपोआप पत्नीची वाट होत नाही, हे लक्ष्मीबाईंच्या या प्रवासातून सिद्ध होते. एका अर्थाने व्यक्तिगत श्रद्धेचे तत्त्व त्यांनी पतीपेक्षा अधिक कठीण परिस्थितीत आचरून दाखविले.

संस्थेपासून दरबारापर्यंत

अहमदनगर येथे टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन आणि धर्मसेवा केली. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या अंतःकरणाला भिडत नाहीत, हे जाणून त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांचा उपासनेत उपयोग केला. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. जनाबाईंच्या जात्यावर देव दळू लागतो, या श्रद्धेत वाढलेल्या भाषेला देवाशी सलगी नवी नव्हती. टिळकांनी ती सलगी ख्रिस्ताशी केली.

कालांतराने त्यांना आणखी एक प्रश्न पडला. पुरोहिताची मध्यस्थी नाकारून आपण निघालो. मग मिशन ही नवी मध्यस्थ संस्था का मानावी? परकीय मिशनरींच्या पालकत्वाच्या वृत्तीवर त्यांनी स्पष्ट टीका केली. १९१७ साली मिशनची सवेतन सेवा सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना त्यांनी मांडली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना स्थान होते. ज्या विधीसाठी बावीस वर्षांपूर्वी त्यांनी घरदार दूर सारले होते, तो विधी या दरबारात प्रवेशाची अट राहिला नाही. टिळकांच्या विचाराची परिणती येथे दिसते : नाते विधीहून मोठे आहे आणि त्यावर कोणत्याही संस्थेची मालकी नाही.

हा प्रयोग रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे त्यांनी सुमारे दहा अध्याय लिहिले होते. त्यापुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

समारोप

आता आरंभीच्या तीन प्रश्नांकडे वळू. देव व्यक्तिरूप आहे, हे टिळकांनी सिद्ध केले नाही. त्यांनी ते गृहीत धरले आणि त्यानुसार जगले. त्या नात्याची पारख त्यांनी माणसांशी असलेल्या वर्तनावर सोपविली आणि या कसोटीवर ते स्वतः सर्वत्र उतरले नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात आहे : श्रद्धा एकट्याची असू शकते, तिचे परिणाम एकट्याचे नसतात. टिळकांची भक्तिगीते वाचताना त्यांतील माधुर्याबरोबर हा ताणही तुम्ही ध्यानात ठेवावा. तुम्ही आस्तिक असा वा नास्तिक, ही कविता समजून घेण्यास तो उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. टिळकांनी नागपूरच्या काळात योजिलेल्या धर्माची सूत्रे सांगा.
२. आगरकर आणि टिळक यांच्या भूमिकांतील साम्य व भेद थोडक्यात लिहा.
३. ‘देवाचा दरबार’ ही कल्पना टिळकांच्या १८९५ च्या निर्णयाशी सुसंगत आहे की विसंगत? तुमचे मत सकारण मांडा.
४. व्यक्तिगत श्रद्धा आणि कौटुंबिक जबाबदारी यांतील ताण लक्ष्मीबाईंच्या जीवनाच्या आधारे स्पष्ट करा.